कूटबद्ध विभागाचा संकोच



संगणकाची डिस्क अपुरी पडूं लागली म्हणजे ती वाढविण्याची युक्ति कोणीहि सांगतो. परंतु डिस्कवरील एखादा विभाग लहान करावयाचा, आणि तोहि कूटबद्ध, म्हणजे परवलीच्या शब्दावांचून कोणासहि न वाचतां येणारा, असें म्हटलें कीं सल्लागारांचा आवाज खालीं येतो. ‘बॅकअप घ्या, सगळें पुसून टाका आणि नव्यानें मांडा,’ एवढेंच उत्तर बहुधा मिळतें. हें उत्तर चुकीचें नाहीं. पण अपुरें आहे. लिनक्स चालणाऱ्या यंत्रावर हा संकोच सुखरूपपणें करतां येतो. मात्र त्याचा एक ठराविक क्रम आहे, आणि तो क्रम कोणा एका शहाण्यानें बैठक मारून आंखलेला नाहीं. १९८३ पासून पुढें सुमारें पस्तीस वर्षांत निरनिराळ्या देशांतील माणसांनीं एकावर एक जे थर रचले, त्या रचनेंतूनच तो उत्पन्न झाला आहे. थरांची हकीकत ठाऊक असली म्हणजे क्रम पाठ करावा लागत नाहीं. म्हणून आज मी आज्ञांची जंत्री देण्यापेक्षां ती हकीकतच सांगणार आहें.

सर्वांत खालचा थर विभागांच्या कोष्टकाचा. आय-बी-एम कंपनीनें १९८३ च्या मार्च महिन्यांत ‘पी-सी एक्स-टी’ नांवाचें यंत्र बाजारांत आणलें. त्यांत १० मेगाबाइटांची डिस्क होती. एकाच डिस्कवर एकाहून अधिक कार्यप्रणाली नांदाव्यात, यासाठीं डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर ‘एफ-डिस्क’ नांवाचें साधन देण्यांत आलें, आणि डिस्कच्या अगदीं पहिल्या, ५१२ बाइटांच्या सेक्टरांत एक लहानसें कोष्टक लिहिण्याची वहिवाट पडली. सोळा बाइटांची एक ओळ, अशा चार ओळी. उणेंपुरें ६४ बाइटांचें सगळें बाड. प्रत्येक ओळींत मुख्य मजकूर असा कीं, हा विभाग अमुक सेक्टरापासून सुरू होतो आणि त्यांत तमुक इतके सेक्टर आहेत. पुढें मोठ्या डिस्का आल्या, तेव्हां ‘जी-पी-टी’ नांवाचें प्रशस्त कोष्टक रूढ झालें; त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटीं ठेवण्याची चांगली चालहि पडली. पण स्वभाव तोच राहिला. शेताच्या बांधावरील हद्दीच्या दगडाला आंत ऊंस आहे कीं पडीक जमीन आहे याची जशी वार्ता नसते, तसें या कोष्टकाला विभागाच्या पोटांत काय आहे याचें ज्ञान नसतें.

या अज्ञानाचे दोन परिणाम होतात, आणि ते दोन्ही पुढें उपयोगी पडणार आहेत. पहिला असा कीं, दगड आंत सरकविला तर कोणीहि हरकत घेत नाहीं. आंतलें घर अर्धें बाहेर पडलें तरी नाहीं. दुसरा असा कीं, नुसता दगड सरकविल्यानें घर पडत नाहीं. कोष्टकांतील चार आंकडे बदलले, म्हणून डिस्कवरील दुसरा एक बाइटहि हलत नाहीं.

लिनक्सचा जन्म १९९१ सालचा, हेलसिंकी येथला. त्याचे जनक लिनस टॉरवाल्ड्झ यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘जस्ट फॉर फन’ या आत्मवृत्तांत एक प्रसंग नमूद केला आहे. दूरध्वनीवरून विद्यापीठाच्या यंत्राशीं जोडणाऱ्या मोडेमकडे पाठवावयाच्या आज्ञा अनवधानानें थेट डिस्ककडे गेल्या, आणि त्यांच्या मिनिक्स प्रणालीच्या विभागाचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला. मिनिक्स पुन्हां बसविण्याच्या भरीस न पडतां त्यांनीं आपल्या नव्या प्रणालीवरच राहण्याचें ठरविलें. लिनक्सच्या भाग्याला असा एक विभाग-नाशहि कारण झाला आहे. मात्र डिस्कवर काय लिहिलें जात आहे हें स्वतः डिस्क विचारीत नाहीं, हा धडा त्यांत उघड आहे.

त्या काळीं बहुतेक घरगुती यंत्रांवर डॉसचेंच राज्य असे, आणि सगळी डिस्क त्यानेंच व्यापलेली असे. ज्याला लिनक्स बसवून पाहावयाचें असेल, त्यानें डॉसचा विभाग पुसावा, लहान करून पुन्हां आंखावा आणि फ्लॉप्यांच्या चवडींतून सगळें परत भरावें, हाच मार्ग होता. १९९३ सालीं आर्नो शेफर यांनीं ‘फिप्स’ नांवाचें छोटें साधन लिहिलें, आणि तें लिनक्सच्या वितरणांबरोबर घरोघर गेलें. त्याची रीति अत्यंत सरळ होती. प्रथम वापरणाऱ्यानें विस्कळित फाइली आवरून विभागाच्या पुढच्या अंगाला सारावयाच्या. नंतर फिप्स मागचें अंग खरोखरच रिकामें आहे कीं नाहीं हें तपासणार. जुन्या कोष्टकाची व आरंभींच्या सेक्टराची नक्कल एका फ्लॉपीवर काढून ठेवण्यास तें सुचविणार. आणि मगच हद्द बदलणार. आज आपण जें करतों तें सर्व बीजरूपानें येथें आहे: आधीं आंतलें आवरणें, मग खात्री, मग जुन्या कागदाची नक्कल, आणि सर्वांत शेवटीं दगड. नंतरच्या काळांत थर वाढले. रीति तीच राहिली.

आतां दुसरा थर, फाइल-सिस्टिमचा. रेमी कार्ड यांनीं १९९३ सालीं लिनक्ससाठीं ‘ई-एक्स-टी-टू’ तयार केली. आज सर्रास वापरांत असलेली ‘ई-एक्स-टी-फोर’ ही तिचीच नात. ही फाइल-सिस्टिम आपल्या जागेचे सारखे गट पाडते. चार किलोबाइटांचा एक ब्लॉक धरला, तर १२८ मेगाबाइटांचा एक गट होतो. प्रत्येक गटाजवळ आपापली दप्तरें असतात: कोणते ब्लॉक भरलेले, कोणते मोकळे, कोणत्या फाइलीची नोंद कोठें. सबंध विभागांत एकूण ब्लॉक किती, हा आंकडा मुख्य दप्तरांत, म्हणजे ‘सुपरब्लॉक’मध्यें, लिहिलेला असतो. कोष्टकाप्रमाणें ही आंधळी नाहीं. आपली मर्यादा तिला पक्की ठाऊक असते.

अशी फाइल-सिस्टिम वाढविणें सोपें. शेवटीं नवे गट जोडले कीं झालें. लहान करणें मात्र दुर्घट. शेपटाकडील गट मोडावयाचे, त्यांतील मजकूर पुढच्या मोकळ्या ब्लॉकांत हलवावयाचा, त्या गटांत नोंदलेल्या फाइलींना नवे क्रमांक द्यावयाचे, आणि ज्या ज्या फोल्डरांत जुने क्रमांक आले असतील तेथें तेथें ते दुरुस्त करावयाचे. हें काम करणारें ‘रीसाइझ-टू-एफ-एस’ नांवाचें साधन थिओडोर त्सो यांनीं लिहिलें. त्यावर १९९८ सालचा त्यांचा आणि पॉवरक्वेस्ट या कंपनीचा संयुक्त स्वामित्वहक्क आहे. पार्टिशन मॅजिक हें त्या काळचें लोकप्रिय साधन याच कंपनीचें. एप्रिल २००० पासून तें मुक्त परवान्याखालीं सर्वांना खुलें झालें. व्यापारी कंपनीच्या गरजेंतून निघालेली वस्तु अशी सार्वजनिक मालकीची झाली, ही मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासांतील फारशी न बोलली जाणारी, पण माझ्या मतें मोलाची गोष्ट आहे.

हें स्थलांतर चालूं असतां घरांत माणसें वावरतां कामा नयेत. म्हणून ई-एक्स-टी-फोर वापरांत असतां वाढवितां येते, पण लहान करावयाची तर ती उतरवून ठेवावी लागते. यंत्राची मुख्य फाइल-सिस्टिम चालत्या यंत्रांत उतरवितां येत नाहीं. तेव्हां पेन-ड्राइव्हवरील लिनक्सनें यंत्र सुरू करावें हें ओघानेंच आलें. मध्येंच वीज गेली तर अर्धवट राहिलेलें स्थलांतर पूर्ववत् होईलच अशी हमी नसते. म्हणून लॅपटॉप भिंतीवरील विजेवर ठेवावा आणि त्याची बॅटरीहि भरलेली असावी. सर्वच फाइल-सिस्टिमींना असा संकोच साधतो असेंहि नाहीं. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीनें मोठमोठ्या यंत्रांसाठीं १९९० नंतरच्या दशकांत निर्मिलेली ‘एक्स-एफ-एस’ वाढण्यासाठींच जन्मली. ती कार्योपयोगी प्रमाणांत आकसत नाहीं. आपल्या विभागांत ती असेल, तर सल्लागाराचें तें पहिलेंच उत्तर खरें: दुसरीकडे उतरवून घ्या आणि नव्यानें मांडा.

तिसऱ्या थराकडे वळण्यापूर्वीं मधल्या एका यंत्रणेचा उल्लेख केला पाहिजे. हाइन्ट्स माउएल्सहागेन यांनीं १९९८ सालीं, एच-पी कंपनीच्या युनिक्समधील नमुन्यावरून, लिनक्ससाठीं ‘एल-व्ही-एम’ तयार केलें. खऱ्या विभागांच्या वर काल्पनिक विभाग उभे करावयाचे, आणि ते हवे तसे वाढवावयाचे-घटवावयाचे, अशी ती कल्पना. पुढें जो थॉर्नबर आणि त्यांचे सहकारी यांनीं तिच्या बुडाशीं ‘डिव्हाइस मॅपर’ नांवाचा सामान्य पाया घातला, आणि २००३ च्या डिसेंबरांत आलेल्या लिनक्सच्या २.६ या आवृत्तींत तो समाविष्ट होता. डिव्हाइस मॅपरचें काम दुभाष्याचें. वरून ‘शंभरावा सेक्टर द्या’ अशी मागणी आली, कीं खालीं तो प्रत्यक्ष कोणत्या सेक्टरांत आहे हें सांगावयाचें. मधल्या मध्यें दुभाष्यानें मजकूर कूटलिपींत केला तर? क्रिस्तोफ साउट यांनीं हेंच केलें, आणि मार्च २००४ मधील २.६.४ या आवृत्तींत त्यांची ‘डी-एम-क्रिप्ट’ ही योजना लिनक्समध्यें आली.

डी-एम-क्रिप्टनें कूटलेखन दिलें. पण किल्लीची व्यवस्था दिली नाहीं. परवलीच्या शब्दापासूनच थेट किल्ली बनविली, तर शब्द बदलावयाचा म्हणजे सगळी डिस्क पुन्हां लिहावयाची. शिवाय कोणती कूटपद्धति वापरली हें डिस्कवर कोठेंच नोंदलेलें नसे. तें माणसानें ध्यानांत ठेवावें. व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फ्रुह्विर्ट यांनीं २००४-०५ च्या सुमारास या अडचणीचा विचार करून ‘लक्स’ ही योजना मांडली. तिच्यांत डिस्कची खरी किल्ली यदृच्छया निवडलेली असते, आणि माणसाला ती कधींच दिसत नाहीं. ती किल्ली परवलीच्या शब्दानें कुलूपबंद करून विभागाच्या आरंभीं, ‘हेडर’ नांवाच्या राखीव जागेंत, ठेवतात. पहिल्या लक्समध्यें अशा आठ खणांची सोय होती. आठ माणसांचे आठ शब्द, आणि आंतली किल्ली एकच. शब्द बदलावयाचा तर एक खण बदलावा. डिस्कला हात लावण्याचें कारण नाहीं.

फ्रुह्विर्ट यांची सूक्ष्मदृष्टि आणखी एका ठिकाणीं दिसते. पीटर गटमन यांनीं १९९६ सालीं दाखवून दिलें होतें कीं, चुंबकीय तबकडीवरून एखादी लहान वस्तु खात्रीनें पुसणें वाटतें तितकें सोपें नसतें. मग सोडून दिलेला परवलीचा शब्द खरोखर मेला हें कसें समजावें? फ्रुह्विर्ट यांनीं बत्तीस बाइटांच्या किल्लीचा विस्तार करून तिचे ४,००० तुकडे, म्हणजे १,२८,००० बाइट केले. रचना अशी कीं, सर्व तुकडे शाबूत असतील तरच किल्ली जुळावी. एक जरी नष्ट झाला तरी बाकीचे व्यर्थ. पुसण्याचें काम त्यामुळें निश्चित झालें. परंतु याच गुणाची दुसरी बाजू आपल्या विषयाशीं निगडित आहे. कोणाच्या चुकीनें त्या खणांतील मजकूर किंचित् जरी बिघडला, तरी त्या खणाचा शब्द बरोबर असूनहि निरुपयोगी होतो. आणि सारेच खण बिघडले, तर डिस्कवरील प्रत्येक अक्षर कायमचें गेलें. साध्या विभागांतून हरवलेलीं छायाचित्रें सेक्टर न् सेक्टर चाळून परत मिळविणारे कारागीर आहेत. कूटबद्ध विभागापुढें त्यांची कला चालत नाहीं. त्यांना नुसती खडखडीत यदृच्छा दिसते. कुटुंबाचे फोटो, एखाद्याचें प्रबंधाचें हस्तलिखित, दुकानाचे हिशेब, सर्व एका हेडरवर टांगलेलें असतें.

आतां कळीचा मुद्दा. लक्सच्या पहिल्या हेडरांत काय काय लिहिलेलें असतें? ओळखीची खूण, कूटपद्धतीचें नांव, किल्लीची लांबी, खणांची माहिती, विभागाचा ओळखक्रमांक, आणि प्रत्यक्ष मजकूर कोणत्या सेक्टरापासून सुरू होतो तो आंकडा. मजकूर कोठें संपतो, हें लिहिलेलेंच नाहीं! विभागाची हद्द जेथें संपेल तेथें मजकूरहि संपला, असें लक्स मानतें. मिलान ब्रोझ यांच्या देखरेखीखालीं ‘क्रिप्टसेटप’ या साधनाच्या २.० या आवृत्तीबरोबर डिसेंबर २०१७ मध्यें दुसरें लक्स आलें. त्यांत हेडराच्या दोन प्रती आल्या, परवलीच्या शब्दावर अधिक परिश्रम करून घेणारी आर्गॉन-टू ही रीति आली; पण लांबीच्या जागीं नेहमींच्या मांडणींत ‘डायनॅमिक’, म्हणजे ‘असेल तेवढी’, हाच शब्द लिहिलेला असतो.

दुसरी गोष्ट अशीच भाग्याची. प्रत्येक सेक्टर स्वतंत्रपणें कूटबद्ध होतो. त्याचें रूप किल्लीवर आणि मजकुराच्या आरंभापासून मोजलेल्या त्याच्या क्रमांकावर अवलंबून असतें, शेजाऱ्यावर नाहीं. आज प्रचलित असलेली ‘एक्स-टी-एस’ ही रीति, जी आय-ट्रिपल-ई संस्थेच्या २००७ सालच्या प्रमाणपत्रकांत आहे, तीहि याच जातीची. म्हणून शेपूट कापल्यानें उरलेल्या धडाचें वाचन बिघडत नाहीं. उलट आरंभ एका सेक्टरानें जरी सरकला, तर हेडर सांपडत नाहीं आणि सारेंच संपतें. एवढ्यावरून ध्यानांत येईल कीं, कूटबद्ध थर लहान करणें असें वेगळें काम जवळजवळ नाहींच. त्याच्या आंतली फाइल-सिस्टिम लहान करावयाची, आणि त्याच्या बाहेरची हद्द लहान करावयाची; मधला थर आपोआप मावतो.

मात्र हाच मधला थर आंतल्या आणि बाहेरच्या थरांची दृष्टादृष्ट होऊं देत नाहीं. हद्द हलविणाऱ्या साधनाला आंत फाइल-सिस्टिम किती लांब आहे हें पाहतांच येत नाहीं, कारण आंतलें सर्व कूटलिपींत आहे. ‘जी-एन-यू पार्टेड’ या जुन्या साधनांत पूर्वीं फाइल-सिस्टिमसुद्धां लहान-मोठी करण्याची सोय होती. २०११ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत ती काढून टाकण्यांत आली, आणि आतां तें बहुशः हद्दीपुरतेंच पाहतें. कोणी याला रचनेंतील दोष म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. कूटलेखनाला आंतला मजकूर कळूं नये हेंच तर त्याचें व्रत. त्यानें आपल्याला सावध करावें अशी अपेक्षा धरणें म्हणजे मौनव्रत्यानें चोर आला म्हणून ओरडावें असें म्हणण्यासारखें आहे. सावधपणाचा भार मग माणसावर पडतो, इतकेंच.

त्या भाराचें प्रत्यक्ष रूप एका उदाहरणानें पाहूं. समजा, २०४८ व्या सेक्टरापासून सुरू होणारा २०० गिबिबाइटांचा कूटबद्ध विभाग आहे, आणि तो १२० वर आणावयाचा आहे. मजकूर ६० इतकाच आहे. प्रथम सर्व मजकुराची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, आणि हेडराची नक्कलहि ‘लक्स हेडर बॅकअप’ या आज्ञेनें वेगळी काढावी. विभागाचा जुना आरंभ आणि जुना शेवट कागदावर लिहून ठेवावा. येथें तो शेवट ४१,९४,३२,४४७ हा सेक्टर आहे. मग पेन-ड्राइव्हवरील लिनक्समध्यें परवलीचा शब्द देऊन विभाग उघडावा, पण फाइल-सिस्टिम चढवूं नये. ‘ई-टू-एफ-एस-सी-के’ या साधनानें तिची सक्तीची तपासणी करावी. रोग्याची नाडी पाहिल्याशिवाय शस्त्रक्रिया नाहीं. नंतर फाइल-सिस्टिम १२० वर नव्हे, तर ११० वर आणावी.

हे दहा कां सोडावयाचे? कारण मोजमापांत फसगत होते. दुसऱ्या लक्सचें हेडरच, २०१९ सालच्या क्रिप्टसेटप २.१ पासूनच्या नेहमींच्या मांडणींत, १६ मेबिबाइट जागा घेतें. फाइल-सिस्टिम नेमकी १२० आणि विभागहि नेमका १२० केला, तर शेवटचे १६ हद्दीबाहेर पडले. त्याहून मोठी फसगत एककांची. रीसाइझ-टू-एफ-एसला ‘१०० जी’ म्हटलें तर तें १,०७,३७,४१,८२,४०० बाइट समजतें. पार्टेडला ‘१०० जी-बी’ म्हटलें तर तें १,००,००,००,००,००० बाइट धरतें. दोघेंहि आपापल्या परीनें बरोबर. पण मधल्यामध्यें ७३७ कोटींहून अधिक बाइट कापले जातात. आपल्याकडे शेर आणि पायली गांवोगांवीं बदलत असत, त्याचीच ही यांत्रिक आवृत्ति. म्हणून हद्द हलवितांना नेहमीं सेक्टरांतच बोलावें.

फाइल-सिस्टिम आकसली कीं कूटबद्ध थर बंद करावा, आणि मग हद्दीचा दगड हलवावा. १२० गिबिबाइट म्हणजे २५,१६,५८,२४० सेक्टर. आरंभ २०४८ धरला, तर शेवटचा सेक्टर २५,१६,६०,२८७. आरंभाचा सेक्टर स्वतःहि मोजणींत येत असल्यामुळें बेरजेंतून एक वजा करावा लागतो. पार्टेडमध्यें शेवट तेवढा बदलतां येतो. एफ-डिस्क वापरलें, तर जुनी ओळ काढून नवी लिहावी लागते. तेव्हां आरंभ तोच ठेवावा, हें पुन्हां सांगतों. त्याच वेळीं एफ-डिस्क मोठ्या सौजन्यानें विचारतें, ‘येथें लक्सची खूण आढळते, ती पुसूं काय?’ याचें उत्तर ‘नको’ असेंच द्यावें. ती खूण म्हणजे हेडराचें पहिलें पान.

शेवटीं विभाग पुन्हां उघडावा. लक्स आतां नव्या हद्दीपर्यंतचीच जागा दाखवील. फाइल-सिस्टिम पुन्हां तपासावी, आणि रीसाइझ-टू-एफ-एसला कोणताहि आंकडा न देतां चालवावें. तें उरलेली जागा पुरेपूर व्यापतें, आणि आपण हातचे राखलेले दहा परत मिळतात. आरंभींच हिशेब अचूक साधण्यापेक्षां, आधीं जरा अधिक आकसून मग फुगविणें हीच शहाणपणाची रीति होय.

ज्यांनीं डेबियनच्या स्थापकाकडून ‘कूटबद्ध एल-व्ही-एम’ ही मांडणी घेतली असेल (२००७ सालच्या ‘एच’ आवृत्तींत कूटबद्ध विभागांची सोय आली), त्यांना मध्यें आणखी दोन पायऱ्या आहेत: फाइल-सिस्टिमनंतर तिचा काल्पनिक विभाग, आणि त्यानंतर एल-व्ही-एमनें व्यापलेली एकूण जागा. पुष्कळदां ‘स्वॅप’चा विभाग नेमका शेपटाकडे बसलेला असतो, तो आधीं पुढें हलवावा लागतो. येथें एक दिलासा आहे. कापावयाच्या जागेंत कांहीं वापरांत असेल, तर ‘पी-व्ही-रीसाइझ’ स्पष्ट नकार देतें. सगळ्या थरांत आपल्या शेपटाची अशी काळजी वाहणारा हाच एक.

उलटा क्रम झाला तर? समजा घाईंत दगड आधीं हलला, आणि फाइल-सिस्टिम जुन्याच लांबीची राहिली. विभाग उघडेल, पण ई-एक्स-टी-फोर चढण्यास नकार देईल, कारण सुपरब्लॉकमधील आंकडा उपलब्ध जागेहून मोठा आहे. अशा वेळीं ‘दुरुस्ती’ करूं पाहणारें कोणतेंहि साधन चालवूं नये. कागदावर लिहून ठेवलेला जुना शेवट कोष्टकांत परत लिहावा. सर्व कांहीं जेथल्या तेथें असतें. मात्र मोकळ्या झालेल्या जागेंत दरम्यान नवी फाइल-सिस्टिम मांडलेली नसावी. आधुनिक घन-अवस्था डिस्कांवर ‘एम-के-एफ-एस’ हें साधन मांडणीपूर्वींच त्या जागेंतील जुना मजकूर टाकून देण्याची सूचना डिस्कला करतें, आणि तशी सूचना गेली म्हणजे परतीचा रस्ता बंद होतो. म्हणून नव्या हद्दीनंतर यंत्र एकदां नेहमींसारखें सुरू होऊन, परवलीचा शब्द घेऊन, सर्व फाइली दाखवीपर्यंत मोकळ्या जागेला हात लावूं नये.

त्या मोकळ्या जागेंत जुनी कूटलिपि पडून राहते. ज्याच्याजवळ किल्ली नाहीं त्याला तिचा कांहीं उपयोग नाहीं. हेडराच्या नकलेचें मात्र तसें नाहीं: परवलीचा शब्द पुढें बदलला, तरी जुन्या नकलेंतील खण जुन्या शब्दानेंच उघडतात, आणि आंतली किल्ली तीच असते. ती नक्कल त्याच डिस्कवर ठेवूं नये, आणि शब्द बदलल्यावर तिच्या जागीं नवी घेऊन जुनी नष्ट करावी.